तुमच्यासाठी प्रार्थना करू का?

३ मार्च

पोचलो एकदाचा! बस चक्क अर्धा तास लवकर आली, त्यामुळे स्टँडवर खार कुठे दिसेना आणि माझा जीव खालीवर. वाटलं, हिनं आपली चेष्टा तर नाही केली? मग आली, धावत, धापा टाकत, हातात बिस्किटांचा फोडलेला पुडा. म्हणाली, अजून तसाच दिसतोस, कुणाशी तरी भांडून आल्यासारखा. मी म्हटलं, तू अजून तशीच खातेस. कॉलेजात तिला सगळे खारूताई म्हणायचे, कारण तिचं तोंड सतत काहीतरी कुरतडत असायचं. मला त्यातली 'ताई' परवडणारी नाही, म्हणून मी नुसतं खार म्हणतो.

चौदा महिन्यांपूर्वी ती कॉलेज सोडून गेली, कुणाला काही न सांगता. मी मागे राहिलो तो दातओठ खात. एका शहाण्यानं कॅन्टीनमध्ये तिच्याबद्दल नको ते बोलून दाखवलं आणि मी त्याचा पुढचा दात पाडला. प्राचार्य म्हणाले, माफी माग. नाही मागितली. दप्तर बाकावर तसंच ठेवून चालता झालो. घरी आई म्हणाली, माफीचे दोन शब्द बोलायला तोंड झिजणार होतं का तुझं? आमच्या घरात आम्ही दोघंच. ती दुकानात लोकांच्या पँटा आखूड करते, चेन बदलते, उसवलेलं शिवते. त्या दिवशी मी तिला जे बोललो ते या वहीत लिहायचं नाही.

आणि गेल्या आठवड्यात खारीचा मेसेज आला. तीन शब्द. जागा आहे. येशील? कसली जागा, कुठे, किती दिवस, काही विचारलं नाही मी. आईला एवढंच सांगितलं की काहीतरी होऊन दाखवीन तेव्हाच तोंड दाखवीन. ती मशीनवरून उठली नाही. पण पायडल थांबलं होतं.

घर झकास आहे. दुमजली, पाटी नाही. खाली मोठा हॉल, सहा टेबलं, प्रत्येकावर एक मोबाइल आणि कागदाच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा. वर राहायच्या खोल्या. माझी रस्त्याच्या बाजूची, खिडकीतून सायकलदुरुस्तीचं दुकान दिसतं. पलंग मधोमध खचलाय, झोपलं की आपोआप घरंगळून तिथेच. आणि खार दोन दारं सोडून. दोन दारं!

संध्याकाळी चहा घेताना तिनं माझ्यापुढे एक कोरं कार्ड ठेवलं. म्हणाली, तुझं पूर्ण नाव लिही, आईचं नावसुद्धा, तुझ्या अक्षरात. मी विचारलं, ऑफिसला लागतं का? तर नाही म्हणाली, माझ्याजवळ ठेवायचंय. तिच्याजवळ! परीक्षेत कधी काढलं नाही असं अक्षर काढलं. तिनं शाई वाळेपर्यंत त्यावर फुंकर घातली आणि कार्ड पर्समध्ये ठेवलं. फुंकर माझ्याच अंगावर आल्यासारखी वाटली. कुणी हे वाचलं तर हसेल. हसू दे.

४ मार्च

आज काम कळलं. ऐकून आधी हसूच आलं.

आम्ही प्रार्थना करतो. अनोळखी लोकांसाठी, मोबाइलवरून. कुणी दवाखान्यातला फोटो टाकलेला असतो, कुणाची नोकरी गेलेली असते, कुणाला नुसतंच जगायचा कंटाळा आलेला असतो. असली पोस्ट शोधायची आणि खाली लिहायचं, तुमच्यासाठी प्रार्थना करू का? प्रत्येकाचं एक खातं आहे, खोट्या नावाचं. मास्तरांचं 'शांत सकाळ', खारीचं 'सावली', मला 'ओंजळ' मिळालं.

मास्तर म्हणजे निवृत्त शिक्षक, शेजारच्या टेबलावर. मी 'प्रार्थना' घाईत 'प्राथना' लिहिलं तर म्हणाले, रफार खाल्लास, आता ती पोचणार कशी, बैरंग पत्रासारखी येईल परत. दोन बहिणी आहेत, साधारण चाळिशीच्या, एकीनं वाक्य सुरू केलं की दुसरी संपवते. आणि बाई. घर बाईंचं. आखूड पांढरे केस, चष्मा साखळीला, ग्रंथालयात बोलतात तसा आवाज.

नियम बाईंनी सांगितले. समोरच्यानं स्वतः हो म्हटल्याशिवाय पुढे जायचं नाही. दुःख एकच घ्यायचं, त्याचं स्वतःचं, एका वाक्यात. ते चिठ्ठीवर हातानं उतरवायचं. चार वाजता बाई चमच्यानं पेला वाजवतात. मग सगळ्यांनी उठून आपापल्या भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं आणि चिठ्ठीतलं वाक्य आपलंच असल्यासारखं म्हणायचं. माझी पाठ दुखते. मला झोप लागत नाही. आणि शेवटी, हे ओझं अमुक-अमुक यानं उचललं, असं म्हणून आपलं पूर्ण नाव घ्यायचं. सगळं पुटपुटत, दुसऱ्याला ऐकू जाता कामा नये. मी विचारलं, कुठल्या देवाला सांगायचं? बाई म्हणाल्या, जो ऐकत असेल त्याला.

माझा देवाबिवावर फारसा विश्वास नाही. पण खारीची भिंत माझ्या भिंतीला लागून आहे. तिथे मी दिवसभर उभा राहीन.

६ मार्च

गंमत म्हणजे लागू पडतं! एका ट्रकड्रायव्हरची कंबर धरली होती, गाडीतून उतरता येत नव्हतं त्याला. परवा त्याच्यासाठी म्हटलं. आज त्यानं स्वतः लिहिलं, ओंजळ, दोस्ता, काय केलंस कळत नाही, लहान पोरासारखा उड्या मारतोय. मी मोबाइल घेऊन टेबलाटेबलावर फिरलो, सगळ्यांना दाखवलं. मास्तर म्हणाले, वा, पहिल्याच आठवड्यात मेरिटमध्ये. खार हसली नाही. डब्यातलं काहीतरी चघळत बसली होती.

आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हातून कुणाचं काही मोडलं नाही, तर जुळलं. आईला फोन करून सांगावंसं वाटलं. नंबर काढला आणि बंद केला. इतक्यात नको. आधी नाव होऊ दे.

माझी कंबर सकाळपासून भरून आलीय. पलंगाचा खड्डा.

११ मार्च

एका म्हाताऱ्या गृहस्थांची पोस्ट सापडली होती, बायको जाऊन दोन वर्षं झाली, अजून दोन कप चहा टाकतो. मी विचारलं, त्यांनी हो म्हटलं, मी परवा चार वाजता म्हटलं, अगदी मन लावून. माझी बायको माझ्याजवळ नाही. म्हणताना खारीचाच चेहरा समोर आला, खोटं कशाला बोला.

आज त्यांचं उत्तर आलं. मन अगदी हलकं झालं, कपाटात कुणाचे तरी बायकी कपडे होते, देऊन टाकले, जागा झाली.

कुणाचे तरी?

मी मास्तरांना दाखवलं. ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले. म्हणाले, दुःख गेलं म्हणजे मुळापासून गेलं, तण उपटताना माती येणारच.

पण खरं सांगायचं तर मला दोन दिवस काहीतरी होतंय. चहा करायला गेलो की दोन कप काढतो. आज दुसऱ्या कपाकडे बघत उभा होतो आणि डोळ्यांना धार लागली. हिरव्या काठाचा कप बघितला की एका बाईचा हात आठवतो, मनगटावर भाजल्याची खूण. असली बाई मला माहीत नाही. कधीच नव्हती.

१४ मार्च

कंबर. उजवी दाढ. जिभेची चव गेलीय, सगळं पुठ्ठ्यासारखं लागतं. डाव्या हाताची दोन बोटं बधिर. आणि यातलं निम्मं माझ्या चिठ्ठ्यांतलं नाहीच. दाढेचं मी कधी कुणासाठी म्हटलं नाही.

धाकट्या बहिणीच्या टेबलावर कालची चिठ्ठी पडली होती. माझी दाढ ठणकते.

योगायोग. तरी डोकं फिरलं, जाऊन खारीला विचारलं. ती म्हणाली, नवीन माणसाला होतं असं, तू फार मनावर घेतोस, मला नाही का झालं. मग माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला. हात लावला म्हणून मी गप्प बसलो. मला गप्प करायला एवढं पुरतं हे तिला पक्कं ठाऊक आहे.

१७ मार्च

आज एक घड्याळजी भेटला, म्हणजे मोबाइलवर. त्याला सगळंच ऐकू येतं. शेजारच्या घरातला चमचा, भिंतीतली वाळवी, स्वतःच्या पापण्यांची उघडझाप. दुकान बंद करून कानात कापूस घालून बसलाय बिचारा. एका वाक्यात सांगा म्हटलं, तर म्हणाला, मला ऐकू येणं थांबत नाही. मला दया आली. चार वाजता त्याच्यासाठी म्हटलं.

आता संध्याकाळ आहे. खाली कुणीतरी पाण्याचा घोट घेतला तो मला वर ऐकू आला.

१८ मार्च

शांतपणे लिहायचं. जसं घडलं तसं.

चार वाजता पेला वाजला तेव्हा कानात सुई गेल्यासारखं झालं. सगळे भिंतीकडे वळले. मी माझं म्हणायला सुरुवात केली आणि थांबलो. कारण आज मला सगळ्यांचं ऐकू येत होतं. मास्तर, माझा गुडघा वळत नाही. थोरली बहीण, मला उजेड सहन होत नाही. बाई, माझं रक्त थांबत नाही. आणि प्रत्येकाच्या शेवटी, हे ओझं यानं उचललं म्हणून, नाव.

माझं नाव. पूर्ण. आईच्या नावासकट.

पाचही जणांनी माझं नाव घेतलं. सगळ्यात हळू खारीनं घेतलं. किती गोड घेतलं! इतके दिवस तिच्या तोंडून ते ऐकायला मी तरसलो होतो.

आईचं नाव इथे मी एकदाच लिहिलं होतं. त्या कार्डावर.

मी ओरडलो. काय काय बोललो आठवत नाही. मास्तरांची गचांडी धरली. ते म्हणाले, मार बाळा, तेवढं तरी माझ्या वाट्याला येऊ दे, आणि डोळे मिटून उभे राहिले. माझा हात खाली आला. मग सगळे आपापल्या टेबलावर जाऊन बसले, मधली सुट्टी संपल्यावर बसतात तसे, आणि धाकट्या बहिणीनं विचारलं की चहा कोणाकोणाला हवाय.

बाईंनी समोर बसवून समजावलं, लहान मुलाला हिशेब समजवावा तसं. ओझं कुठेतरी ठेवावंच लागतं. सगळ्यांनी थोडं थोडं घेतलं तर सगळेच मोडतात. एकानं घेतलं की बाहेरचे हजार जण सुखानं जेवतात, यात वाईट काय ते मला सांग, म्हणाल्या. उचलणारा माणूस स्वतःच्या हातानं नाव लिहून देणारा लागतो, आणि का म्हणून न विचारणारा. जबरदस्तीनं लिहून घेतलेलं चालत नाही. तुझ्याआधी चौदा महिने खारीचं नाव होतं. तिच्याआधी मास्तरांचं.

खारीला मास्तरांनी आणलं होतं. शाळेत ती त्यांची आवडती विद्यार्थिनी होती.

१९ मार्च

खार दाराबाहेर बसून रडते आहे. तिचा श्वास ऐकू येतो. मी दार उघडत नाही.

दाराआडून म्हणाली, मी दोन वर्षं पुरी जगले नसते रे. म्हणाली, सगळ्यांना मेसेज लिहून बघितले, पाठवले नाहीत. मैत्रिणींनी शंभर प्रश्न विचारले असते. भावानं तर पोलीसच आणले असते. मी हाक मारल्यावर काही न विचारता धावत येणारं तुझ्याशिवाय कोण होतं मला?

हे ती मला समजूत म्हणून सांगत होती!

केसानं गळा कापला. आणि कापताना फुंकर घातली.

बॅग भरली. उद्या जातो. प्राचार्यांचे पाय धरीन, आईचे धरीन, त्या दात पडलेल्याचेसुद्धा धरीन. फक्त घरी.

२० मार्च

नाही गेलो. जाता आलं नाही.

तीन वाजता बॅग घेऊन उतरलो. कंबर, गुडघा, सगळं ओढत. खार जिन्यात उभी. वाट अडवली नाही. माझा हात धरला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. म्हणाली, पाच मिनिटं बस, मग जा, परत कधी भेटणार नाहीस. बसलो. मूर्ख मी. कॉलेजातलं बोलत राहिली, कुठला बाक, कुठलं झाड, मी तिच्या सायकलला हवा भरून ठेवायचो ते तिला ठाऊक होतं म्हणे. मी हसलोसुद्धा एकदा. तिचा हात गरम होता आणि ती सारखी माझ्या खांद्यावरून मागे बघत होती.

मागे घड्याळ होतं.

पेला वाजला. आतून थोरल्या बहिणीचा आवाज. मला उंबरठा ओलांडता येत नाही. मग माझं नाव.

खारीनं माझा हात सोडला आणि दार उघडून बाजूला झाली. जा म्हणाली.

दाराबाहेर नेहमीचाच रस्ता. सायकलवाला पंक्चर काढत होता. आणि मला वाटलं, पाय टाकला तर खाली काहीच नाही. आभाळ अंगावर येतंय. मी चौकट धरून ओरडत होतो. सायकलवाल्यानं मान वर करून बघितलं आणि पुन्हा ट्यूब पाण्यात बुडवली.

अकरा वर्षं घराबाहेर न पडलेली बाई आज बाजारात गेली म्हणे. तिनं फोटो टाकलाय, दोन्ही हातांत पिशव्या. खारीनं ती सकाळीच शोधून ठेवली होती.

२२ मार्च

उजेड सोसत नाही. पडदा लावून लिहितोय. ओळी वाकड्या.

बाई वर आल्या. माझ्या पलंगावर एक कोरं कार्ड ठेवलं. म्हणाल्या, तूही कुणाला तरी बोलव. न विचारता येणारं एक तरी माणूस प्रत्येकाला असतं. ते आलं, त्यानं नाव लिहिलं, की त्याच दिवशी तू मोकळा.

कार्ड फाडलं. बाईंनी खिशातून दुसरं काढून ठेवलं.

मला एकच माणूस आहे असं.

नाही. मेलो तरी नाही.

२३ मार्च

खारीनं आईला कळवलं.

दुकानाचं मोबाइलवरचं पान मीच काढून दिलं होतं आईला, तिच्या नावानं, आणि ते नाव कार्डावर होतंच. 'सावली'वरून लिहिलं तिनं, तुमचा मुलगा फार आजारी आहे, या. पत्ताही दिला. मला येऊन सांगितलं, तुझ्या भल्यासाठी केलं, मी तुझं एवढं तरी देणं लागते. माझं भलं!

आईची पोस्ट आली. मुलगा परगावी आजारी आहे. उद्या सकाळच्या बसनं निघते. दुकान बंद राहील, पँटा शनिवारी मिळतील. त्याच्यासाठी प्रार्थना करा सगळ्यांनी.

खाली बाईंनी पेन शोधलं. ऐकू आलं मला. कागदावर गिरवून बघितलं, चालतंय का.

आई काही विचारणार नाही. म्हणतील तिथे लिहील. बाळा, हे लिहिलं की तू बरा होशील ना, एवढंच —

२४ मार्च, दुपार

फोन केला सकाळी. येऊ नकोस म्हटलं. आवाज फुटला माझा. त्यावर ती म्हणाली, आता तर येणारच, गप पडून राहा. सकाळची बस भरलेली होती, उद्याची पहिली मिळालीय. फोन ठेवला तिनं.

ऐकणारच नाही. माझीच आई. हट्ट कुठून आला माझ्यात —

एकच रस्ता दिसतो. आज. चारच्या आत. खालचा मोबाइल मी उचलून आणला, कुणी अडवलं नाही, त्यांना वाटलं मी कामाला लागलो.

'ओंजळ'वरून लिहिलं. तुमच्यासाठी प्रार्थना करू का?

३.१० — उत्तर नाही. मशीनवर असेल.

३.३५ — आलं. करा हो, फार उपकार होतील, माझ्या मुलासाठी करा.

तिच्या मुलासाठी नाही चालत. लिहिलं, तुमचं स्वतःचं दुःख सांगा, एका वाक्यात.

३.४१ — माझं कसलं. आईचं वेगळं काय असतं हो.

मी लिहिलं, असतं. सांगा.

काही नाही. ती टाइप करतेय, पुसतेय, टाइप करतेय. एका बोटानं करते ती. मीच शिकवलं. चिडून शिकवलं.

फसवतोय मी तिला. खारीनं मला फसवलं तस्संच, गोड बोलून. फरक काय मग? — आहे. असायलाच हवा.

३.५४ — तो माझ्याजवळ नाही, हेच.

चिठ्ठीवर उतरवलं. जिना उतरायचाय. गुडघा —

२४ मार्च, संध्याकाळ

म्हटलं. भिंतीला डोकं टेकून. माझा मुलगा माझ्याजवळ नाही. मग नाव, माझं, तिच्या नावासकट. शेवटचं म्हणून तिचं नाव दोनदा घेतलं.

खारीनं ऐकलं. तिला कळलं मी काय केलं. माझ्याकडे बघून तोंड दाबून पळाली. पळू दे. बाईंनी पेनला झाकण लावून ठेवून दिलं. म्हणाल्या, म्हणजे आता तूच.

हो. मीच.

२५ मार्च

पहिली बस येऊन गेली. आई नाही. देवा, नाही आली! हसलो. रडलो.

पोस्ट काढून टाकलीय तिनं. दुकान नेहमीप्रमाणे चालू, असं लिहिलंय. आणि ओंजळला — मन हलकं झालं, आभारी आहे. सकाळी दाराशी बॅग भरलेली दिसली, कुठे निघाले होते कोण जाणे. आत पुरुषी शर्ट निघाले, गिऱ्हाइकाचे असतील, बाजूला ठेवलेत.

मी लिहिलं, तुम्हाला मुलं किती?

नाही हो, म्हणाली. एकटी आहे. सुखी आहे.

बरं झालं. सुटली. बरंच —

पण छातीत हे काय. काल चारपासून. उठतो, खिडकीशी जातो. बसतो. परत उठतो.

२६ मार्च

जेवण झाकून ठेवलं. एका ताटाचं. का ठेवलं — तो येईल म्हणून. कोण तो.

मीच. मी इथे आहे. कळतंय मला. आरशात आहे मी. तरी पोरगं आलं नाही अजून.

२७ मार्च?

शंभरदा गेलो दारापर्यंत. उंबरठा नाही ओलांडता येत, पण ऐकू येतं. चौकातली बस. कंडक्टरची घंटी. उतरणाऱ्यांची पावलं, सतरा. एकही त्याचं नाही. त्याचं पाऊल मी हजारात ओळखीन, टाच घासतो डावी.

खार आली होती, पाणी घेऊन. मी तिला विचारलं, माझा मुलगा पाहिलास का गं, तुझ्याच वर्गात होता. ती भिंतीला धरून खाली बसली.

—

रागीट आहे. भांडून गेला. मी बोलायला नको होतं, माफीचं. उपाशी राहील पण मागणार नाही कुणाकडे. कुणी गोड बोललं की लगेच विश्वास —

पेला वाजला. माझं नाव घेतायत खाली. घेऊ देत.

गप्प बसा सगळे, बस आली. उतरले. चार. पाच. डावी टाच — घासते आहे, कुणाची तरी — दार लावू नका कुणी, उघडं राहू दे, तो आला की —